कारण : इतर

माझ्या पडद्यावर अकरा ठिपके आहेत.
हिरवे असतात तोवर मला कॉफी पिता येते.
आठ मिनिटं एका जागी राहिला
की ठिपका पिवळा होतो, बाराव्या मिनिटाला लाल,
आणि मग मी फोन करायचा.
नाही केला, तर सान्तियागोहून मला येतो.

वाल्पाराइसोची पाण्याची मीटरं
बहुतेक आभाळाच्या बाजूला आहेत.
हे सान्तियागोत कुणाला सांगून पटत नाही.
त्यांचा नकाशा जेवणाच्या टेबलासारखा सपाट,
मारिपोसास टेकडी म्हणजे त्यावर
बोटाच्या पेराएवढा करडा डाग.
सात नंबरचा ठिपका त्या डागात शिरतो
आणि जागच्या जागी थिजतो.

सात नंबर म्हणजे यास्ना ओयार्सून.
मी फोन लावतो. आधी नुसता श्वास ऐकू येतो,
लोहाराच्या भात्यासारखा.
मग ती म्हणते, "एकशे चार."
अजून किती?
"अठ्ठावन्न. आणि वर कुत्रं आहे."
मी ठेवून देतो.

मग चौकट उघडते. थांबण्याचं कारण :
जेवण. स्वच्छतागृह. वाहनात बिघाड. इतर.
यास्नाला वाहन नाही.
'इतर' निवडलं की पन्नास अक्षरांची जागा मिळते.
पहिले काही दिवस मी नुसतं 'चढ' लिहायचो.
उत्तर आलं : चढ हे कारण यादीत नाही,
कृपया तपशील द्यावा.
तर देतो आता.

'मीटर खुराड्यामागे. कोंबडी अंड्यावर बसलेली.'
'दार उघडणारी बाई नव्वदीची. वॉकर घेऊन येते.'
'लोखंडी जिन्याची तिसरी पायरी गेली. वळसा.'
'वारा.'
'मीटरची काच फुटलेली. आत गोगलगाय.'
'घरच्यांनी पाणी दिलं. पाणी आपलंच.'

ऑगस्टमध्ये एकदा सात नंबर थेट समुद्रात गेला.
चार मिनिटं, बंदराच्या पलीकडे,
नांगर टाकलेल्या जहाजांमधून,
ताशी एकशे दहाच्या वेगानं.
घळीत उपग्रह चकतो, बाकी काही नाही.
पण त्या चार मिनिटांचे पैसे कापले,
कामाचं क्षेत्र सोडलं म्हणून.
यास्ना म्हणाली, कापू देत.
जहाजावर मी कधी गेले नव्हते.

मी जन्मलो तो त्याच करड्या डागात.
गुडघे गेले तेव्हा खाली उतरलो
आणि हे बसून करायचं काम मिळालं.
सकाळी नऊपासून मी एका जागी असतो.
माझाही एक ठिपका आहे कुठल्यातरी पडद्यावर,
तो दिवसभर हिरवा असतो.

सहाला वीस कमी असताना ती आत येते.
सहाच्या आत निघता येत नाही,
म्हणून बसते, फोन टेबलावर उपडा ठेवून.
"किती चालले आज?"
मी वाचतो : चार किलोमीटर दोनशे.
"आणि वर?"
वर असा रकाना नाही.

ती उजव्या पायातला बूट काढते.
टाच शाबूत आहे.
पुढचा भाग, जिथं बोटं पायरीला रेटतात,
तिथलं रबर इतकं झिजलंय
की आतलं निळं कापड दिसतं.
बूट ती माझ्या कीबोर्डशेजारी ठेवते.
"हे चढव त्यात."

मी हसतो. ती हसत नाही.
बाहेर कुणीतरी शटर ओढतं.
आम्ही दोघं बुटाकडे बघत बसतो
आणि पडद्यावर सात नंबर पिवळा होतो,
मग लाल.

नियम तो नियम. मी फोन लावतो.
टेबल थरथरतं, कॉफीचा कपही.
ती उचलते, माझ्याकडे बघत कानाला लावते,
आणि म्हणते,
"एकशे बासष्ट."